पी. टी. उषाच्या कारकिर्दीचा नीट हिशेब : शर्यती, वेळा आणि त्यांमागची कारणं

सिंडरट्रॅक

उषाचा विषय निघाला की गाडी लॉस एंजेलिसला जाऊन थांबते. एक शतांश सेकंद, हुकलेलं कांस्य, हळहळ, संपलं. त्या शर्यतीत नेमकं काय झालं हे कुणी पाहत नाही, आणि पुढची चौदा वर्षं ती धावतच होती हेही विसरलं जातं. फिरत्या मजकुरांत तर तिचं कांस्य कधी रशियन मुलीनं नेलेलं असतं, कधी पूर्व जर्मनीच्या. त्या दोन्ही देशांनी १९८४च्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता. तिसरी आली ती रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू.

आधी सांगाडा मांडतो, मग जाणकारांनी भर घालावी.

पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल उषा, जन्म २७ जून १९६४, कोळिकोड जिल्हा. १९७६ साली केरळ सरकारनं कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला, त्यात ती दाखल झाली. तिथे ओ. एम. नंबियार हे प्रशिक्षक भेटले. ते मूळचे हवाई दलातले. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी ती १०० मीटर धावली आणि १२.२७ सेकंदांत हीटमध्येच, म्हणजे पहिल्या फेरीतच, बाहेर पडली. १९८२च्या दिल्ली आशियाईत १०० आणि २०० मध्ये रौप्य. १९८३ला कुवेतच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० मध्ये सुवर्ण. १९८४ लॉस एंजेलिस ऑलिंपिक, ४०० मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत), चौथी. १९८५ जकार्ता आशियाई अजिंक्यपद, पाच सुवर्ण आणि एक कांस्य. १९८६ सोल आशियाई, चार सुवर्ण आणि एक रौप्य. १९८८च्या सोल ऑलिंपिकला टाचेची दुखापत घेऊन उतरली आणि हीटमध्येच संपलं. १९८९ दिल्लीतल्या आशियाई अजिंक्यपदात चार सुवर्ण, दोन रौप्य. १९९० बीजिंग आशियाई, तीन रौप्य. मग लग्न, विश्रांती, पुनरागमन. १९९४ हिरोशिमा आशियाई, रिलेत रौप्य. १९९८ फुकुओका आशियाई अजिंक्यपद, चार पदकं. २००० साली निवृत्ती.

आशियाई क्रीडा स्पर्धांतली पदकं अकरा : चार सुवर्ण, सात रौप्य. आशियाई अजिंक्यपदातली तेवीस, त्यांत चौदा सुवर्ण.

माझं एकच म्हणणं आहे. लॉस एंजेलिसच्या फायनलमध्ये उषानं 'हातातलं घालवलं' असं म्हणणं आकड्यांना धरून नाही. हीटमध्ये ५६.८१, उपांत्य फेरीत ५५.५४ आणि पहिला क्रमांक, फायनलमध्ये ५५.४२. प्रत्येक फेरीत वेळ सुधारली आणि फायनलची वेळ तिची आयुष्यातली सर्वोत्तम ठरली. सर्वांत मोठ्या दिवशी सर्वोत्तम धावणाऱ्याला कच खाल्ली कसं म्हणायचं?

टप्पा_पस्तीस

उत्तम धागा. ८ ऑगस्ट १९८४च्या फायनलचा निकाल पूर्ण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. नवाल अल मुतवक्किल (मोरोक्को) ५४.६१, ज्यूडी ब्राउन (अमेरिका) ५५.२०, कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. पाचवी स्वीडनची स्कोगलुंड, सहावी ऑस्ट्रेलियाची फ्लिंटॉफ, सातवी फिनलंडची हेलांडर, आठवी जमैकाची फार्मर. महिलांची ४०० हर्डल्स ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच होती.

आता त्या शतांशाबद्दल. फोटो-फिनिशवर वाचलेली वेळ पूर्ण शतांशावर बसली नाही तर ती पुढच्या शतांशावर नेतात, मागच्या नाही. म्हणजे ५५.४१ छापलं असेल तर खरी वेळ ५५.४०१ ते ५५.४१० यांमध्ये कुठेही, आणि ५५.४२ म्हणजे ५५.४११ ते ५५.४२०. दोघींमधलं खरं अंतर एक सहस्रांशापासून एकोणीस सहस्रांशांपर्यंत काहीही असू शकतं. 'बरोबर एक शतांश' ही छापील गोष्ट झाली.

अंतरात किती? ४०० भागिले ५५.४२ म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर. शेवटच्या ४० मीटरमध्ये पाय जड झालेले असतात, वेग त्याहून कमी. एका शतांशात सहा-सात सेंटिमीटर कापले जातात. हाताची चार बोटं आडवी धरा, तेवढं.

बरेच जण दूरदर्शनचं जुनं चित्रण थांबवून बघतात आणि 'दोघी एकत्रच आहेत' असं सांगतात. त्या चित्रणात सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे दोन चौकटींत चार शतांशांचं अंतर. तिथे हा निकाल दिसणारच नाही. फोटो-फिनिशचा कॅमेरा वेगळा. तो फक्त रेषेची एक बारीक फट सतत टिपत राहतो. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जागा नसते, वेळ असतो. म्हणूनच त्यात धावणाऱ्यांची शरीरं ताणलेली, विचित्र दिसतात.

पाणकोंबडा

मग रेषेवर छाती पुढे झोकली असती तर कांस्य मिळालं असतं, हे खरं की नाही?

टप्पा_पस्तीस

शक्य होतं, पण 'असतं' आणि 'शक्य होतं' यांत फरक आहे.

रेषेवर मोजतात ते धड. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. शेवटच्या पावलाला कंबरेतून पुढे वाकून दोन्ही हात मागे फेकले तर छाती पंधरा-वीस सेंटिमीटर आधी रेषेवर पोचते. सहा-सात सेंटिमीटरच्या फरकाला ते पुरेसं आहे. पण ते शेवटच्याच पावलाला जमायला हवं. दोन पावलं आधी झोकलं की गुडघे वर येत नाहीत, पावलं आखूड होतात आणि मिळवलं त्याहून जास्त जातं. शिवाय ४०० हर्डल्सच्या शेवटी पोटाचे आणि मांडीचे स्नायू इतके थकलेले असतात की वाकलं तर तोल सावरत नाही. १०० मीटरमधली सवय इथे जशीच्या तशी चालत नाही, वेगळी घोटावी लागते : ३०० मीटर पळून दमल्यावर शेवटच्या रेषेवर झोकण्याचा सराव. तिला त्या शर्यतीआधी या प्रकाराचा अनुभवच फार थोडा होता.

ब्लॉकवरून

फाउल स्टार्टचा मुद्दा राहिला. फायनलची पहिली सुरुवात रद्द झाली. ऑस्ट्रेलियाच्या धावपटूनं आधी उडी घेतली होती. लय त्यात बिघडली असं उषानं नंतर सांगितलं आहे.

नियम समजून घ्या, कारण आजच्या प्रेक्षकाला हे कळत नाही. तेव्हा प्रत्येक खेळाडूला एक चूक माफ होती, दुसरीला बाद. २००३ पासून एक चूक सगळ्यांत मिळून माफ, पुढची ज्याची त्याला भोवणार. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. म्हणजे १९८४ साली उषावर कसलाही इशारा नव्हता, दुसऱ्या सुरुवातीला तिनं जपून निघायचं नियमानं कारण नव्हतं. तोटा झाला तो वेगळा. ब्लॉकमध्ये, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या आधारांवर, बसताना शरीर एका क्षणासाठी ताणून तयार ठेवलेलं असतं. तो स्फोट एकदा होऊन गेला, दहा-पंधरा मीटर पळून परत यायचं, पुन्हा श्वास जुळवायचा. ज्यांनी शंभर शर्यती केल्या त्यांना हे अंगवळणी पडतं. आणि ४०० हर्डल्समध्ये ढिली सुरुवात फक्त सुरुवातीपुरती राहत नाही. पहिल्या अडथळ्यापर्यंतची पावलं मोजलेली असतात. वेग कमी पडला की शेवटची दोन पावलं ताणावी लागतात, ताणली की उडी लांबून, उडी लांबून की उतरताना वेग तुटतो.

सिंडरट्रॅक

ब्लॉकवरून, हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पावलांच्या गणितावर कुणीतरी सविस्तर लिहा. त्याशिवाय उषानं काय करून दाखवलं ते कळणार नाही.

डावापाय

लिहितो. महिलांच्या ४०० हर्डल्सची मांडणी : दहा अडथळे, उंची ७६.२ सेंटिमीटर. सुरुवातीपासून पहिल्यापर्यंत ४५ मीटर, मग प्रत्येकी ३५ मीटर, दहाव्यानंतर ४० मीटर. ट्रॅकवर जागा हिरव्या खुणांनी दाखवलेल्या असतात.

३५ मीटरमध्ये साधारण दोन मीटर उडीआधीचे आणि एक मीटर उतरण्याचा धरला तर पळायला ३२ मीटर उरतात. त्यात १५ पावलं टाकायची तर पाऊल २.१३ मीटरचं, १६ टाकायची तर २ मीटर, १७ तर १.८८. विषम संख्या असेल तर दर वेळी एकच पाय आधी जातो. सम असेल तर पाय बदलतो, म्हणजे दोन्ही पायांनी अडथळा घेता यायला हवा.

शर्यतीच्या उत्तरार्धात पाऊल आखूड होतं, ते कुणालाच टळत नाही. ज्या मुलीला एकाच पायानं येतं तिला १५ वरून थेट १७ वर उतरावं लागतं आणि पंचवीस सेंटिमीटरनं पाऊल कापावं लागतं. तो जणू ब्रेकच. जिला दोन्ही पाय येतात ती मधे १६ वर दोन-तीन अडथळे काढते आणि वेग राखते. हे कौशल्य महिन्यांत येत नाही, वर्षं लागतात.

डावा पाय आधी घालण्याचा वळणावर फायदा आहे. लेनच्या आतल्या कडेला चिकटून पळता येतं. उजवा आधी घातला तर मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या आतल्या बाजूनं, उंचीच्या खालून फिरण्याचा धोका असतो. तसं झालं की बाद. अडथळ्याला पाय लागून तो पडला तर मात्र बाद होत नाही, मुद्दाम पाडला नसेल तर. फक्त वेळ जातो.

आता उषाचं बघा. १९८६च्या सोल आशियाईत एकाच स्पर्धेत तिची सपाट (अडथळ्यांशिवायच्या) ४०० ची वेळ ५२.१६ आणि हर्डल्सची ५६.०६. फरक ३.९० सेकंद. जगातल्या सर्वोत्तम हर्डलर बायकांत हा फरक अडीच-तीनच्या घरात असतो. आजची सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोन घ्या : हर्डल्स ५०.३७, सपाट ४७.७८, फरक २.५९. म्हणजे उषा जे ५५.४२ धावली ते मुख्यतः धावेच्या जोरावर, अडथळ्यांच्या तंत्रावर नव्हे. तंत्रात अजून एक सेकंद शिल्लक होता. लॉस एंजेलिसमध्ये शतांश कुठे गेला हे रेषेवर शोधण्यात अर्थ नाही, तो दहा अडथळ्यांवर थोडा थोडा गेला आहे.

पाणकोंबडा

पण मग आहाराचं काय? तिनं स्वतः सांगितलंय की तिथे भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, शेवटच्या ३५ मीटरला ताकद पुरली नाही.

डावापाय

ते नाकारत नाही. एकामागोमाग फेऱ्या असताना स्नायूंतला साखरेचा साठा रोज भरावा लागतो. पेज आणि लोणच्यात पिष्ट मिळतं, पण पातळ पेजेतून पुरेसं पोटात जात नाही आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. झीज भरून निघत नाही. पथकाबरोबर आहार बघणारं माणूस नसणं ही व्यवस्थेची चूक होती, तिची नाही. पण सगळा भार पेजेवर टाकला की तंत्राचा मुद्दा बाजूला पडतो. पुढच्या मुलींना खरा उपयोग तंत्राचाच आहे.

गावकुसातली

थोडं असहमत. डावापाय, तुम्ही ३.९० चा फरक सोलच्या स्पर्धेवरून काढला, तिथे ती चार-पाच प्रकारांत धावत होती. हर्डल्समध्ये तिला कुणी ढकलणारं नव्हतं, पूर्ण जोर लावायची गरज नव्हती. ५५.४२ घेऊन बघा. १९८५ला कॅनबेराच्या विश्वचषकात तिनं ४०० मध्ये ५१.६१ दिले. फरक ३.८१.

डावापाय

बरोबर आहे, एकाच स्पर्धेतले आकडे घेताना दमणुकीचा विचार हवा. ३.८१ हा जास्त न्याय्य आकडा. निष्कर्ष तोच राहतो, पण तुमची दुरुस्ती मान्य.

त्याच कॅनबेराच्या विश्वचषकात पूर्व जर्मनीच्या मारिटा कोखनं ४७.६० चा विश्वविक्रम केला, हेही लक्षात ठेवा. सपाट ४०० मध्ये आशियाची सर्वोत्तम धावपटू आणि पूर्व युरोपची पहिली यांच्यात चार सेकंद होते. हर्डल्समध्ये, बहिष्कार नसता तरी, उषा त्यांच्या जास्त जवळ होती. १९८४च्या जूनमध्ये कीव्हला सोव्हिएत संघाच्या मार्गारिता पोनोमार्योवानं ५३.५८ चा विश्वविक्रम केला होता. उषापासून दोन सेकंदांहून कमी. हर्डल्सकडे वळवण्याचा निर्णय या अर्थानं अगदी अचूक होता. प्रकार नवा, जगातही अजून स्थिरावलेला नाही, आणि ताकदवान ४०० धावणाऱ्या मुलीला पटकन वर जाता येतं. आपल्याकडे आधी एम. डी. वल्सम्मानं वाट पाडलेलीच होती. १९८२च्या दिल्ली आशियाईत तिनं याच प्रकारात ५८.४७ मध्ये सुवर्ण मिळवलं होतं.

रिलेवाली

वल्सम्माचं नाव आलं म्हणून सांगते. लॉस एंजेलिसचा आणखी एक निकाल कुणी काढत नाही : ४×४०० रिलेत वल्सम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि उषा या चौघी फायनलला पोचल्या. ३:३२.४९, सातव्या. चौघींची सरासरी काढली तर प्रत्येकी ५३.१ सेकंद. १९८४ साली भारताकडे अशा चार मुली होत्या, ही माझ्या मते वैयक्तिक चौथ्या क्रमांकाइतकीच मोठी गोष्ट आहे.

सिंडरट्रॅक

अगदी. आता जकार्ता. ज्यांना उषाची खरी ताकद बघायची त्यांनी १९८५ बघावं. १०० मीटर ११.६४, २०० मीटर २३.०५, ४०० मीटर ५२.६२, ४०० हर्डल्स ५६.६४, ४×४०० रिले. पाचही सुवर्ण, आणि ४×१०० मध्ये कांस्य. ४०० आणि ४०० हर्डल्स या दोन फायनलमध्ये अंतर होतं ३५ मिनिटांचं.

ब्लॉकवरून

त्या ३५ मिनिटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पूर्ण जोरानं ४०० पळाल्यावर दोन हिशेब शरीरात वेगवेगळ्या वेगानं भरतात. झटपट ऊर्जेचा साठा पाच-सात मिनिटांत बराचसा परत येतो. पण स्नायूंतली आणि रक्तातली आम्लता उतरायला वेळ लागतो. ४०० नंतर रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या धावेत स्नायूंत तयार होणारं द्रव्य) तर पहिली पाच-सात मिनिटं वाढतच राहतं, निम्म्यावर यायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. म्हणजे दुसऱ्या शर्यतीच्या ब्लॉकमध्ये बसताना तिच्या पायांत पहिल्या शर्यतीचा चांगलाच अंश शिल्लक होता.

अशा वेळी करायचं काय? खाली बसायचं नाही, आडवं तर अजिबात नाही. पहिली दहा मिनिटं चालणं आणि अगदी संथ जॉग, त्यानं लॅक्टेट लवकर निघतं. घोटघोट पाणी. घामाचे कपडे बदलून अंग झाकायचं, स्नायू गार पडू द्यायचे नाहीत. मग १५ मिनिटं उरली की दोन-तीन हलके पळ, एखादा अडथळा. पहिल्या अडथळ्यापर्यंतचा पूर्ण जोराचा पळ टाळायचा. मुली चुकतात कुठे, तर पहिल्या विजयानंतर मिठ्या, फोटो, बसणं यांत वीस मिनिटं जातात आणि मांड्या घट्ट होतात. आणि दुसरी चूक पहिल्या दोनशे मीटरची : दमलेल्या पायांनी नेहमीच्या वेगानं सुरुवात केली की सातव्या अडथळ्यापाशी पावलांचा हिशेब कोसळतो. ५६.६४ ही वेळ तिच्या त्या काळच्या सर्वोत्तमपेक्षा फक्त सव्वा सेकंदानं जास्त आहे. म्हणजे तिनं वेग वाटून घेतला होता. यात प्रशिक्षकाचा हात दिसतो. नंबियार यांना १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, पहिल्या मानकऱ्यांत ते होते.

गावकुसातली

सोल १९८६ : २०० मध्ये २३.४४, ४०० आणि हर्डल्सच्या वेळा वर आल्याच आहेत, रिले ३:३४.५८. १०० मध्ये फिलिपिन्सच्या लिडिया दे वेगाच्या मागे रौप्य. भारताला त्या स्पर्धेत एकूण पाच सुवर्णं मिळाली, त्यांतल्या चारांत उषा होती. पाचवं कुस्तीत कर्तारसिंगचं.

सहावंही येऊ शकलं असतं. शायनी अब्राहम ८०० मीटरमध्ये पुढे होती, पण ठरलेल्या जागेआधीच स्वतःची लेन सोडून आत आली आणि बाद झाली. ८०० मध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये काढायचं असतं, त्यानंतरची आडवी वक्र रेषा ओलांडली की मगच आत यायचं. तालुका पातळीवर आजही ही चूक दर वर्षी दिसते, कारण सरावाच्या मैदानावर ती रेषाच आखलेली नसते. मैदान आखताना तिथे चार झेंड्या लावा, एवढं पुरतं.

टप्पा_पस्तीस

१९८८ बद्दल फार टीका झाली तेव्हा. टाच दुखावलेली असताना उतरवलं, आणि हरल्यावर तिलाच बोल लावले. टाचेच्या दुखण्यावर हर्डलरनं धावणं म्हणजे काय हे समजलं पाहिजे. स्प्रिंटर टाच टेकवत नाही, पण प्रत्येक उडीआधी आणि प्रत्येक उतरण्याला पिंडरीचा सगळा ताण अकिलीज कंडरेतून टाचेच्या हाडावर जातो. एका शर्यतीत दहा उड्या, सरावात आठवड्याला दीड-दोनशे. दुखणारा पाय उडीचा असेल तर खेळाडू नकळत लवकर उडते, उतरणारा असेल तर टाच वाचवायला पुढे झुकते. दोन्ही प्रकारे पावलं बिघडतात. आणि विश्रांती घेतली की धावेची धार जाते. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असतो, दोन-तीन आठवड्यांचा नाही. पुढच्याच वर्षी दिल्लीत चार सुवर्णं आली, म्हणजे बाई संपलेली नव्हती, पाय बरा व्हायला वेळ हवा होता.

रिलेवाली

मला तिचा शेवटचा टप्पा सर्वांत आवडतो. १९९१ साली व्ही. श्रीनिवासन यांच्याशी लग्न, मुलगा, मग परत मैदान. १९९८ला फुकुओकात वय ३४. २०० आणि ४०० मध्ये कांस्य, ४×४०० मध्ये रौप्य आणि ४×१०० मध्ये सुवर्ण. सरस्वती साहा, रचिता मिस्त्री, ई. बी. शायला आणि उषा, ४४.४३, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम.

४×१०० मध्ये वय झालेल्या धावपटूचा उपयोग कुठे होतो ते सांगते. तेव्हा बॅटन देण्याचा पट्टा २० मीटरचा होता आणि त्याआधी वेग घ्यायला १० मीटर वेगळे. आता ते एकत्र करून ३० मीटरचा पट्टा झाला आहे. जुन्या नियमात घेणारीनं खूण पाहून निघायचं, ती खूण साधारण वीस-पंचवीस तळव्यांवर, म्हणजे पायाच्या लांबीनं मोजून, लावलेली. घाबरून एक तळवा आधी निघाली तर पट्टा संपतो, उशिरा निघाली तर देणारी तिच्यावर आदळते. दोन्हींत तीन-चार दशांश जातात, आणि तेवढे एखाद्या धावपटूचे वैयक्तिक कमी-जास्त करून भरून निघत नाहीत. इथे अनुभव लागतो. खुणेवर विश्वास ठेवून मागे न पाहता निघणं हे तरुण मुलींना लवकर जमत नाही.

पाणकोंबडा

तिचा ५५.४२ चा राष्ट्रीय विक्रम मोडला का?

गावकुसातली

२०२३च्या हांगझोऊ आशियाईत तमिळनाडूच्या विथ्या रामराजनं हीटमध्ये नेमके ५५.४२ दिले. बरोबरी, एकोणचाळीस वर्षांनी. फायनलला ५५.६८ मध्ये कांस्य मिळालं.

आणि आपल्या मुलुखाचा धागा इथेच जोडते. लॉस एंजेलिसनंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक फायनल गाठायला भारतीय महिलेला बत्तीस वर्षं लागली. ती गाठली साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबरनं, २०१६ला रिओत, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये. हीटमध्ये ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम, फायनलला दहावी. तीही शर्यत अडथळ्यांचीच, आणि अडथळ्याची उंचीही तीच, ७६.२ सेंटिमीटर. फक्त तो अडथळा पडत नाही.

सिंडरट्रॅक

सुंदर जोड. निवृत्तीनंतरचं थोडक्यात नोंदवतो : २००२ साली कोयिलांडीला उषा स्कूल ऑफ अ‍ॅथलेटिक्स, पुढे किनालूरला. तिथून टिंटू लुका तयार झाली. तिनं २०१० साली ८०० मध्ये १:५९.१७ चा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो शायनीचा मोडला. जिस्ना मॅथ्यूही तिथलीच. २०२२ साली उषा राज्यसभेवर नियुक्त झाली आणि त्याच वर्षी भारतीय ऑलिंपिक संघटनेची पहिली महिला अध्यक्ष. पदांबद्दल इथे चर्चा नको, धागा मैदानाचा आहे.

डावापाय, एक विनंती. चांगली ४०० पळणारी मुलगी हर्डल्सकडे वळवायची तर सुरुवात कशी करावी?

डावापाय

एका मोसमाची रूपरेषा देतो.

पहिले तीन-चार आठवडे अडथळे ५०-६० सेंटिमीटरवर. आठ अडथळे आठ-नऊ मीटरवर लावून संथ पळत, निम्म्या वेळा डाव्या पायानं, निम्म्या वेळा उजव्या. इथे वेग बघायचा नाही, फक्त दोन्ही पाय सारखे उचलले जातात का ते बघायचं. पुष्कळ प्रशिक्षक हा टप्पा गाळतात आणि मुलगी आयुष्यभर एकाच पायाची राहते.

मग पहिल्या अडथळ्यापर्यंतचे ४५ मीटर. आधी अडथळा न लावता ब्लॉकमधून आठ-दहा पळ आणि पावलं मोजायची. बहुतेक मुलींची २३ किंवा २४ भरतात. २४ असतील आणि डावा पाय आधी घालायचा असेल तर ब्लॉकमध्ये डावा मागे ठेवायचा. २३ असतील तर डावा पुढे. हे उलट झालं तर मुलगी अडथळ्यापाशी अडखळते आणि आपण तिला भित्री म्हणतो. भीती नसते, पाय चुकीचा आलेला असतो.

त्यानंतर दोन अडथळे, मग तीन, मग पाच. पाचापर्यंत पावलं पक्की झाल्याशिवाय सहावा लावू नका. आठवड्यातून दोनच दिवस, मधे किमान दोन दिवस सोडून. एका दिवशी पाच अडथळ्यांचे चार-पाच पळ, प्रत्येकामागे आठ-दहा मिनिटं विश्रांती. विश्रांती कापली की दमलेल्या पायांनी आखूड पावलांची सवय लागते, आणि ती सवय शर्यतीत ताज्या पायांनाही सोडत नाही.

उत्तरार्धासाठी वेगळा सराव : १५० मीटर सपाट जोरात, लगेच पुढे शेवटचे चार अडथळे. मोसमाच्या मध्यापासून, आठवड्यातून एकदा, दोन किंवा तीनच वेळा. १५ की १६ की १७ हा निर्णय इथे होतो, कागदावर नाही.

वेळ घेताना स्टॉपवॉच अडथळ्यावर दाबू नका, उतरणारा पाय जमिनीला लागतो तेव्हा दाबा. ५५-५६ सेकंदांच्या धावेत ढोबळमानानं पहिला अडथळा ६.६ ला, सुरुवातीचे टप्पे साडेचारच्या आत, शेवटचे सव्वापाचपर्यंत, आणि रेषेपर्यंत साडेपाच-पावणेसहा. नवशिकी मुलगी ६४-६५ मध्ये पळत असेल तर आकडे मोठे येतील, पण पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यातला फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर सुरुवात फार जोराची होते आहे असं समजा.

अडथळ्याची वजनं तपासा. पायावरची वजनं सरकवून अडथळा ३.६ ते ४ किलोच्या जोरानं पडेल असा लावायचा असतो. शाळांमधे लोखंडी, न हलणारे अडथळे असतात, त्यांवर गुडघा फुटला की मुलगी परत येत नाही. ते नसतील तर दोन काठ्यांवर हलकी प्लास्टिकची नळी ठेवा, पण ती धावण्याच्या दिशेनं सुटून पडेल अशी.

पाणकोंबडा

ब्लॉकमधला डावा-उजवा हे आज पहिल्यांदा कळलं. २२ पावलं भरली तर?

डावापाय

२२ सम, म्हणून २४ सारखंच : आधी घालायचा पाय मागच्या ब्लॉकवर. पण पहिल्याच वर्षी २२ भरत असतील तर पावलं ताणली जात नाहीत ना ते बाजूनं उभं राहून बघा. विसाव्या पावलानंतर खांदे मागे जायला लागले तर ताणतेय. तिला २३ वर आणा आणि ब्लॉकमधले पाय बदला.